भांगाचे दिवस

छावणी, छत्रपती संभाजीनगर
१२ जानेवारी २०२६

चि. मृण्मयी हिस,

अक्षर ओळखलं असशील. नसशील तर खाली सही आहे. तुझ्या लग्नाच्या वेळी मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं की या मुलीशी जन्मात बोलणार नाही. नऊ वर्षं झाली, शब्द पाळलाय. लिहिणार नाही असं मात्र म्हटलं नव्हतं, म्हणून लिहितोय. उगाच भलता अर्थ काढू नकोस, काम आहे.

काम तुझ्या मामीचं आहे. तिला समुद्रातले मासे बघायचेत. ताटातले नव्हे, पाण्यातले. तोंडाला काच आणि नळी लावून पाण्यावर पालथं पडायचं आणि खाली बघायचं, त्याला स्नॉर्केलिंग म्हणतात. या वयात हे शब्द शिकायची वेळ आली माझ्यावर. शाळेच्या भिंतीवर तिनं रंगवलेला समुद्र तुला आठवत असेल, तू पण होतीस त्या पोरांत. पोरं विचारायची, "बाई, तुम्ही खराखुरा समुद्र बघितला का?" ही म्हणायची हो. बघितला नव्हताच. आपल्याकडं मोठं पाणी म्हणजे जायकवाडी, आणि तिथंही आम्ही दोनदाच गेलो. आता म्हणते, ते खोटं फेडून टाकायचंय.

मोबाईलवर हॉटेलं बघून बघून डोकं पिकलं. जो तो म्हणतो आमचं हॉटेल समुद्राला लागून. एकाला फोन लावला तर म्हणाला, किनारा हाकेवर आहे. कुणाची हाक ते सांगेना. दुसरा म्हणाला, मासे बघायला अर्धा तास बोटीनं जावं लागेल. बोट नक्को. मामीचे गुडघे धरलेत, बोटीत चढणं-उतरणं जमायचं नाही. खोलीतून निघावं, थोडं चालावं आणि मासे दिसावेत, असं हॉटेल पाहिजे. पायऱ्या नकोत. आणि लवकर पाहिजे, उन्हाळ्यापर्यंत ताटकळायचं नाही.

तू त्या मुलखात राहतेस. मासे मारणाऱ्यांच्या घरात आमची मुलगी जायची नाही, असं मीच म्हटलं होतं आणि आता माशांसाठी मीच लिहितोय, हे मला कळतंय. तू ते लिहून कळवायची गरज नाही.

श्रीधरमामा

*

वेळणेवाडी, ता. मालवण
२२ जानेवारी

ती. मामा,

पाकिटावरचं अक्षर बघितलं आणि पोस्टमनसमोरच ओट्यावर बसले. त्याला वाटलं कुणी गेलं. म्हटलं, नाही हो, कुणीतरी परत आलं.

तुम्ही लिहू नको म्हणालात म्हणून लिहीत नाही. पण विश्वजीत हसला हं. म्हणाला, मामांना सांग, मासे मारणाऱ्याला मासे कुठं असतात ते बरोबर माहीत असतं.

तीन ठिकाणं बघून आले. पहिलं मोठं हॉटेल आहे, रंगीत छत्र्या, पोहायचा तलाव, सगळं. पण समोर नुसती वाळू. मासे खडकांच्या आसऱ्यानं राहतात मामा, उघड्या वाळूत त्यांना काय मिळणार? दुसऱ्यापुढं खडक झकास आहेत, पण खाली उतरायला बावीस पायऱ्या आणि त्यांवर शेवाळ. तिसऱ्याला हॉटेल म्हणायलाही जीभ रेटत नाही. साळूबाईंच्या चार खोल्या आहेत, गाद्या कापसाच्या, संडास स्वच्छ. पण अंगणातून चाळीस पावलांवर खडकांचं गोल कडं आहे आणि आत कमरेएवढं पाणी. मी स्वतः पावलं मोजली. मामी त्यात उभी राहून वाकली तरी मासे दिसतील. हेच घ्या.

फक्त एक गोष्ट, आणि ही अगदी नक्की. भांगाच्या दिवसांतच या. पाणी काचेसारखं असतं ते तेव्हाच, बाकी वेळी येण्यात अर्थ नाही. पंचांग बघा आणि ठरवा. कळलं नाही तर फोन करा. मी रडणार नाही, कबूल.

शाकाहारी जेवण मी करून आणेन. मामीच्या हातची ज्वारीची भाकरी खाऊन नऊ वर्षं झाली, तेवढी एक तिला माझ्या चुलीवर करायला लावणार आहे.

तुमची मृण्मयी

*

छावणी
४ फेब्रुवारी

चि. मृण्मयी,

कळलं नाही तर फोन करा म्हणे! तुझी आई, माझी धाकटी बहीण, शाळेत जायच्या आधीपासून मी पंचांग बघतोय. तू दिवस जरा विचित्र सांगितलेस. आपल्या घरात कुणी त्या वाटेला गेलेलं नाही. पण तुमच्या समुद्राचं काही असेल म्हणून मुकाट्यानं धरले. साळूबाईंना फोन करून खोली घेतली. तारीख तुला सांगणार नाही. सांगितली की तू पंधरा दिवस आधीपासून घर डोक्यावर घेशील. आम्ही येऊन दारात उभे राहू.

गुलमंडीवरच्या खेळाच्या दुकानातून काच आणि नळी आणली. मामी न्हाणीघरात मोठं घंगाळ भरून त्यात तोंड घालून सराव करते. परवा गॅसवाला आला, मी दार उघडलं, आतनं गुर्र गुर्र आवाज. तो म्हणाला, "काका, आत काय पाळलंय?" मामी नळी लावूनच बाहेर आली. कितीतरी दिवसांनी एवढी हसली.

जिना हल्ली मोजून उतरते. गुडघ्यांमुळं.

श्रीधरमामा

*

छावणी
८ मार्च

चि. सौ. मृण्मयी,

सौ. लिहिलंय ते चुकून नाही.

आम्ही येऊन गेलो. तू सांगितल्याप्रमाणे होळीला पोचलो, धुळवडीच्या दिवशी मामी पाण्यात उतरली आणि मामीनं मासे बघितले! पूर्ण सात! मी गुडघाभर पाण्यात तिच्या लाइफ जॅकेटचा पट्टा धरून उभा होतो. एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली, पण पाण्यात पाय घालायची ती पहिलीच खेप. लाटा जरा आडदांड होत्या आणि पाण्याचा रंग आपल्या धरणासारखाच मातकट. मला वाटलं होतं निळं असेल, पण ते फोटोतच असतं बहुतेक.

बराच वेळ तिनं तोंड खाली घातलं होतं. मग उभी राहिली, काच काढली. मी म्हटलं, "अगं, दिसलं का काही?" तेव्हा एकेक सांगायला लागली. एक निळा, शेपटीला सोनेरी कड असलेला. दोन पिवळे, काळ्या पट्ट्यांचे, जोडीनं फिरणारे. एक हिरवा लांबट. एक ठिपक्यांचा, फुगलेला. एक पांढरा, कागदासारखा चपटा. आणि शेवटी एक लाल, लांब लांब पापण्यांचा. मी गाडीत दर तासाला तिला पुन्हा सांगायला लावत होतो. घाटात ड्रायव्हरसुद्धा म्हणाला, "काकू, तो पापण्यावाला पुन्हा सांगा."

तुझ्या दारात आलो होतो. कुलूप. शेजारी म्हणाले, शिमग्याला सासरच्या मूळ गावी गेलेत, पालखी नाचवून पाच दिवसांनी येतील. फोन नंबर देत होते, मी घेतला नाही. तुला माझा स्वभाव माहीत आहे. कडीला पिशवी अडकवली आहे, आत हिमरूची शाल आहे. ती तुझ्या लग्नासाठीच आणली होती, तेव्हापासून कपाटात होती. मामीनं दरवर्षी उन्हं दाखवली म्हणून कसर लागली नाही.

हॉटेल फार बरं निवडलंस. शाबास.

श्रीधरमामा

*

वेळणेवाडी
१५ मार्च

ती. मामा,

शाल पांघरूनच लिहितेय. इथं घामाच्या धारा लागल्यात, विश्वजीत वेडी म्हणतोय, म्हणू दे.

तुमच्यावर मला भयंकर राग आलाय आणि हसूही आवरत नाही. अहो मामा, होळीला कुणी सांगितलं होतं यायला? मी भांगाचे दिवस म्हटलं होतं! तुम्हाला काय वाटलं, घोटून पितात ती भांग? अगं बाई! इकडं अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी बेताची असते, पाणी ढवळत नाही, त्याला भांग म्हणतात. पौर्णिमेला आणि अमावास्येला उधाण. म्हणजे तुम्ही वर्षातल्या नको त्या दिवशी बरोबर नेम धरून आलात. साळूबाई म्हणाली, "त्या दिवशी पाण्यात घातलेला हात दिसत नाय होतो." तुम्हाला फोनवर तिनं उधाण आहे म्हणून सांगितलं होतं, तर तुम्ही म्हणालात म्हणे, असू द्या, आम्हाला गर्दीची सवय आहे!

आता मामीचं ऐका. सात मासे वाचले आणि मी जागच्या जागी ओळखले. ते शाळेच्या भिंतीवरचे आहेत हो! निळा दरवाजाच्या वर, पिवळी जोडी खिडकीखाली. आणि तो लाल मी काढलाय, दुसरीत. मामी म्हणाली होती, माशाला पापण्या नसतात, खोड. मी खोडल्या नाहीत. तर मामीनं तुमचं मन राखलं बघा. एवढ्या लांबून आणलंत, काही दिसलं नाही म्हणून तुम्ही हिरमुसाल, म्हणून भिंत वाचून दाखवली. असली नाटकी बाई नाही दुसरी.

काही बिघडलेलं नाही. मासे कुठं जात नाहीत. २६ तारखेला अष्टमी आहे. तेव्हा या. मी साळूबाईच्या अंगणात बसून राहीन. मामीला हे पत्र वाचून दाखवा, आणि सांगा, चोरी पकडली गेली.

मृण्मयी

*

छावणी
२२ मार्च

चि. मृण्मयी,

वाचून दाखवलं. मोठ्यानं वाचत होतो, हसत होतो. पापण्यांपर्यंत आलो तेव्हा मला कळलं आपण काय वाचतोय. पण तोंडाला लागलेलं थांबवता आलं नाही, शेवटपर्यंत वाचलं.

मी तुझ्यापासून एक लपवलं. मामीचे गुडघे ठणठणीत आहेत. तिचे डोळे चालले होते. डोळ्याच्या मागचा पडदा वाळत जातो, त्याला इलाज नाही. कडेनं अंधार होत होत मधे तेवढं दिसत राहतं. दोन वर्षांपूर्वी परातीएवढं दिसायचं, दिवाळीत बांगडीएवढं, संक्रांतीला रुपयाएवढं. डॉक्टरांनी दिवाळीतच सांगितलं होतं, जे बघायचं ते बघून घ्या. मी म्हणालो, वेरूळ बघू, पुन्हा एकदा ताजमहाल बघू. ती म्हणाली, मासे. कुणाला सांगायचं नाही अशी तिनं शपथ घातली. तुला तर मुळीच नाही. म्हणाली, दया येऊन बोलायला लागली तर मला ते नको.

१४ तारखेला, शनिवारी, तिनं मला विचारलं, "अहो, आज उजाडलं नाही का अजून?" मी तिच्या हातात चहाचा कप देत होतो. खिडकीतून ऊन तिच्या मांडीवर आलं होतं. तेव्हापासून काही दिसत नाही. सहा दिवसांनी तुझं पत्र आलं.

वाचून झाल्यावर तिनं एकच विचारलं, "म्हणजे पाणीच गढूळ होतं?" मी म्हटलं हो. तर म्हणाली, "म्हणजे तेव्हा मला दिसत होतं."

मृण्मयी, तिला वाटलं होतं की तिची नजरच संपली. पाण्यात तोंड घातलं तर नुसता मातीचा अंधार. तिनं धरलं, वर थोडं दिसतंय ते शेवटचं, माशांपुरती नजर आता उरली नाही, पण या माणसाला हे सांगायचं कसं? म्हणून भिंतीवरचे सात सांगितले. तू म्हणतेस तसं मन राखलं, पण समुद्र दिसला नाही हे लपवायला नव्हे. स्वतः आंधळी झाले, हे लपवायला. आणि मी घाटभर तिला तेच पुन्हा पुन्हा सांगायला लावत होतो.

परत आल्यावर दिवसभर डोळे मिटून बसायची. मला वाटलं प्रवासानं दमली. ती सवय करून घेत होती. रंगांचा डबा शेजारच्या सोनियाला देऊन टाकला. नऊ दिवस ती रुपयाएवढी नजर तिच्याजवळ होती आणि तिनं ती वापरलीच नाही. परवा म्हणाली, "मला माहीत असतं तर तुमचं तोंड तरी नीट बघून घेतलं असतं." माझ्या तोंडात काय बघण्यासारखं आहे? पण बघितलं असतं.

भांगाची भरती नववीच्या भूगोलात होती. सूर्य आणि चंद्र पृथ्वीशी काटकोनात येतात. मी आकृती काढली होती, मला त्यात पैकीच्या पैकी मार्क आहेत. तुझा शब्द खटकला होता मला. भांगेच्या दिवसांत मासे दिसतात, हे कुठल्याही शहाण्या माणसाला खटकेल. एक फोन करायचा होता. तुझा नंबर डायरीत नऊ वर्षं लिहिलेला आहे. चार वेळा फोन हातात घेतला आणि म्हटलं, हिला काय विचारायचं, मला काय कळत नाही का?

आम्ही २६ला येत नाही. येऊन काय करायचं?

श्रीधर

*

वेळणेवाडी
३० मार्च

मामा,

२६ला मी सकाळपासून साळूबाईच्या अंगणात बसले होते. रस्त्यावर गाडी वाजली की उठून बघायचे. ऊन चढलं तरी तुम्ही आला नाहीत तेव्हा एकटी कड्यात उतरले. पाणी इतकं स्वच्छ होतं की माझ्या पायाची नखं दिसत होती आणि मासे येऊन बोटांना टोचत होते. मला तुमचा राग आला. म्हटलं, एवढं सांगून पुन्हा नाहीच आले. संध्याकाळी घरी आले तर दारात तुमचं पत्र.

विश्वजीतला वाचायला दिलं, मला पुढं वाचवेना.

तुम्ही एकट्यानं दोष घेऊ नका. मी पण लिहू शकले असते की अष्टमीला या. साधा शब्द होता. पण इथं सगळे भांग म्हणतात, मीही म्हणते, आणि आपल्या घरी हा शब्द नाही हे मी विसरले. मी तुमचीच आहे हे दाखवायला तीन पानं लिहिली आणि नेमका तो एक शब्द इथला लिहिला. आणि पुन्हा वर ते चोरी पकडली गेली. माझा हात झडला असता तर बरं झालं असतं.

मला सात वर्षांची असताना तुमच्या घरात आणून सोडलं, आई नव्हती, तेव्हा मी रात्रंदिवस रडायचे. मामीनं मला भिंतीपुढं उभं केलं, हातात ब्रश दिला आणि म्हणाली, तुला पाहिजे तसा मासा काढ. तिला मी काय दिलं? गढूळ पाणी.

मामा, तरी या. येऊन काय करायचं विचारलंत. मामी पाण्यात उभी राहील, मासे तिच्या पायांशी येतील, ते तर कळेल ना तिला? मी तोंड खाली घालून बघेन आणि वर येऊन तिला सांगेन. हात सोडणार नाही. आगोटीच्या आत या, मग काही खरं नाही.

मृण्मयी

*

छावणी
७ एप्रिल

चि. मृण्मयी,

हे मामीचं पत्र आहे. ती सांगते, मी लिहितो. मधे माझं काही घालायचं नाही अशी ताकीद आहे.

मनू, आधी रडणं बंद कर. हात बित झडायला नको, त्याच हातानं भाकरी थापायला शिकवलंय तुला. गढूळ पाणी तू दिलं नाहीस. ज्याची चूक त्याला मी चांगलं सुनावलंय. त्यांनी ते इथं लिहिलं का, बघ. थांबले होते. लिहा म्हटल्यावर लिहिलं.

माझ्यावर मीच चिडले आहे. मी तिथंच म्हणायला पाहिजे होतं, अहो, मला काही दिसत नाही. यांनी वाकून बघितलं असतं, म्हणाले असते, मलाही दिसत नाही, आणि आम्ही दोघं हसलो असतो. एवढंच करायचं होतं. पोरांना समुद्र बघितला म्हणून खोटं सांगितलं, ते फेडायला गेले आणि तिथं जाऊन आणखी एक सांगून आले.

मी येणार आहे. रंग आता मनात आहेत तेवढेच, पण मासे टोचतात म्हणालीस ते मला पाहिजे. अट एक. तू वर येऊन जे सांगशील ते खरं सांगायचं. काळा असेल तर काळा म्हण, काही नसेल तर काही नाही म्हण. मला बरं वाटावं म्हणून एकही मासा जास्तीचा सांगितलास तर मी तशीच ओली परत फिरेन.

आणि त्या पापण्या. शाळेची भिंत पुन्हा रंगवणार होते तेव्हा मी मुख्याध्यापकांना सांगून तेवढा लाल मासा ठेवून घेतला होता. मी गेल्या महिन्यात जाऊन बघितलाही असता. राहिलं.

मामी

ताजा कलम, हे माझं. मामीला अजून वाचून दाखवलेलं नाही.

मी पंचांग उघडून बसलोय. १० तारखेला अष्टमी आहे, ती आता गाठता यायची नाही. पुढची २४ एप्रिलला आहे, भांग तेव्हाच ना? तू लिहिलंस, आगोटीच्या आत या. आगोट म्हणजे काय ते मला माहीत नाही. तारीख आहे, सण आहे, की पाऊस आहे? मला कळलं नाही, मृण्मयी. मी विचारतोय.

उत्तर पत्रानं पाठवू नकोस. फोन कर. मी उचलतो.

मामा